वाढत्या घराला तोकडा कायदा

कासारवाडीच्या मेट्रो स्थानकाच्या फलाटावर सकाळच्या गाडीची वाट पाहत उभे राहिले म्हणजे आजूबाजूच्या वस्तीच्या गच्च्या नजरेच्या टप्प्यात येतात. ६ मार्च २०२२ रोजी ही मेट्रो सुरू होईपर्यंत आम्ही रहिवासी आपली वस्ती रस्त्यावरूनच पाहत आलो होतो. वरून पाहताना एक गोष्ट प्रथम डोळ्यांत भरते. घरामागून घरे अशी, की त्यांच्या गच्चीच्या चारी कोपऱ्यांतून लोखंडी सळया हात-दीड हात वर आलेल्या आहेत. कुठे त्यांना कपडे वाळत घालण्याची दोरी बांधलेली आहे, तर कुठे पावसापाण्याने त्या गंजून तांबड्या झाल्या आहेत. परक्या माणसाला हे काम अर्धवट टाकल्यासारखे वाटेल. इथला माणूस मात्र जाणतो की, मुलाचे लग्न ठरले, गावाकडून आईवडील राहायला आले, की त्या सळयांना पुढच्या सळया जोडायच्या आणि वर एक खोली चढवायची, या हिशेबाने त्या मुद्दाम राखलेल्या आहेत.

या खोल्यांपैकी फार थोड्या रीतसर परवानगी घेऊन चढतात. असे का व्हावे? या घरांत राहणारी माणसे काही गुन्हेगार नव्हेत. कारखान्यात वेळेवर हजर राहणारी, वीजबिल भरणारी, घरपट्टीची पावती जपून ठेवणारी ही माणसे आहेत. आयुष्यातील इतर सर्व व्यवहार कायद्याला धरून करणारा माणूस आपल्या घराची एक खोली वाढवतानाच नेमका कायदा का बाजूस ठेवतो, हा प्रश्न नीतीचा जितका आहे, त्याहून अधिक अर्थशास्त्राचा आहे, असे माझे मत आहे.

गुंठ्यांवरचे नगर

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि या पट्ट्यात कारखान्यांची रीघ लागली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी ही गावे मिळून १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. कामगारांना घरे मिळावीत म्हणून १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. २०२१ साली ते विसर्जितही झाले. यंत्रांसाठी जमीन, रस्ते, पाणी व वीज यांची तजवीज आधी झाली. यंत्र चालवणाऱ्या माणसाच्या छपराची तजवीज मात्र मागणीच्या मानाने फारच अपुरी राहिली. ती उणीव गुंठ्याने भरून काढली. शेतकऱ्याने शेताचे तुकडे पाडले, कामगाराने भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन, भिशी लावून, पत्नीचे दागिने मोडून तुकडा घेतला.

माझ्या वडिलांनीही असाच एक गुंठा घेऊन त्यावर दोन खोल्या बांधल्या. पुढे १९८९ साली तिसरी खोली काढली, ती परवानगीवाचून. त्या खोलीत बसून मी अर्थशास्त्राचा अभ्यास केला आणि आज त्याच विषयाची व्याख्याने देतो. तेव्हा अनधिकृत बांधकामावर लिहिताना मी त्रयस्थाचा आव आणू शकत नाही. त्या बांधकामाचा लाभ मी स्वतः घेतलेला आहे.

मध्यम उत्पन्नाच्या माणसाचे घर एका दमात बांधून होत नाही. बोनस मिळाला की भिंत उठते, कर्ज फिटले की स्लॅब पडतो, मुलगी नोकरीला लागली की जिना होतो. घर हीच त्याची बचत, आणि बचत जशी थोडी थोडी साठते, तसेच घरही थोडे थोडे वाढते. आपली परवानगीची पद्धत मात्र असे गृहीत धरते की, माणूस मोकळ्या, मोजणी झालेल्या, बिगरशेती झालेल्या भूखंडावर संपूर्ण इमारतीचा नकाशा घेऊन येईल, जोते तपासून घेईल, बांधकाम पुरे करील आणि भोगवटा प्रमाणपत्र घेऊन आत राहायला जाईल. बांधकाम व्यावसायिकाचा व्यवहार असाच चालतो. संसारी माणसाचा तसा चालत नाही.

परवानगी कशासाठी?

यावर कोणी असे म्हणेल की, मग परवानगीच नको. ज्याची जागा त्याचे घर. हे म्हणणेही तितकेच चुकीचे आहे. माझ्या खोलीचा लाभ मला होतो, पण तिची किंमत काही अंशी शेजारी मोजतो. माझी भिंत तीन फूट पुढे आली तर त्याच्या स्वयंपाकघरात दिवसाढवळ्या दिवा लावावा लागतो. गल्ली अरुंद झाली तर अग्निशामक बंब कोपऱ्यावरच अडतो. ज्या पायावर एक मजला बेतला होता त्यावर तीन चढवले तर इमारत कोसळताना ती अधिकृत व अनधिकृत असा भेद करीत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्यावर बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मेली. नदीचीही गोष्ट तीच. पवनेच्या वा इंद्रायणीच्या पूररेषेत बांधलेले प्रत्येक घर पुराचे पाणी दुसऱ्याच्या घराकडे लोटते. २०२५ च्या मे महिन्यात चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले पाडण्यात आले, तेव्हा त्यांच्या मालकांची आयुष्याची पुंजी मातीमोल झाली. ते बांधले जात असतानाच कोणी हटकले असते तर ती वाचली असती.

म्हणजे प्रकाश, हवा, वाट, मजबुती आणि पाण्याचा मार्ग या पाच गोष्टींचे रक्षण हा परवानगीचा खरा हेतू आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानेही घराच्या केवळ अंतर्भागातील दुरुस्तीला परवानगीची अट घातलेली नाही; तिचा उपद्रव शेजाऱ्याला नसतो, हेच त्यामागचे तत्त्व. हेच तत्त्व पुढे नेऊन लहान वाढीसाठी लहान व मोठ्या बांधकामासाठी मोठी तपासणी ठरवता आली असती.

नियम आणि गुंठा यांचा मेळ कसा बसत नाही, हे साध्या हिशेबाने कळते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. अर्ध्या गुंठ्याचा, १८ फूट रुंद व ३० फूट लांब असा तुकडा घ्या. क्षेत्र ५४० चौरस फूट. उदाहरणादाखल त्यात पुढे व मागे पाच-पाच फूट आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट मोकळे सोडा. बांधायला उरते १२ फूट गुणिले २० फूट, म्हणजे २४० चौरस फूट. अर्ध्याहून अधिक जमीन मोकळी सोडणे बंगल्याच्या मालकाला शोभते. ज्याने दागिने मोडून तो तुकडा घेतला, त्याला ते परवडत नाही.

दंड, माफी आणि पुन्हा दंड

कायद्याला ही अडचण उमगली नाही असे नाही. परंतु तिच्यावर शोधलेले उपाय बांधकाम होऊन गेल्यानंतरचे होते. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला, तो १ जानेवारी २००१ पर्यंतच्या भूखंडांसाठी. २०२१ साली दुरुस्ती करून ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणण्यात आली. २०१७ साली प्रशमन शुल्क आकारून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची बांधकामे नियमित करण्याची सोय झाली. दुसरीकडे २००८ पासून अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती बसू लागली, आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होणार नाही, असेही कायद्याने बजावले. पिंपरी-चिंचवडमधील अनधिकृत बांधकामांचा आकडा साठ हजारांच्या वर गेल्याचे सांगितले गेले, उच्च न्यायालयाचे आदेश झाले, पाडापाडी झाली, सीताराम कुंटे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. शास्तीत लहान घरांना आधी सवलत मिळाली आणि अखेरीस मार्च २०२३ मध्ये तोवरची सारी शास्ती माफ झाली.

ही माफी अन्यायाची होती असे मी म्हणणार नाही. ज्या घराची घरपट्टी भरतानाच ओढाताण होते, त्याच्यावर तिच्या दुप्पट दंड वर्षानुवर्षे चढवत नेणे अमानुष होते. परंतु या साऱ्या मालिकेतून सामान्य माणसाने कोणता धडा घ्यावा? दोन शेजारी कल्पना करा. एकाने वास्तुविशारदाची फी दिली, विकास शुल्क भरले, बाजूची जागा मोकळी सोडली, घर लहान ठेवले. दुसऱ्याने सीमेपर्यंत भिंत नेली आणि वाट पाहिली. माफीने दुसऱ्याचा दंड गेला. पहिल्याच्या पदरात काय पडले? नियम पाळण्याची किंमत आज रोख द्यावी लागते आणि नियम मोडण्याची किंमत उद्यावर ढकलता येते व पुढे माफही होते, अशी स्थिती असली म्हणजे शहाणा माणूस कोणता मार्ग धरील, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आणि तरीही नियम मोडणारा सुखी नसतोच. मंजूर नकाशा नसल्याने त्याला गृहकर्ज सुखासुखी मिळत नाही. तो जास्त व्याजाने खासगी कर्ज काढतो. घर विकायचे झाल्यास कागद अपुरे म्हणून भाव पडतो. पेरूचे अर्थतज्ज्ञ एर्नान्दो दे सोतो यांच्या सहकाऱ्यांनी लिमा शहरात कपडे शिवण्याचा एक लहानसा कारखाना सारे नियम पाळून नोंदवून पाहिला. त्याला २८९ दिवस लागले. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी काढलेला निष्कर्ष आपल्याला परका नाही. गरीब माणूस कायद्याबाहेर राहतो, कारण कायद्याच्या आत येण्याचे भाडे त्याला झेपत नाही.

उंबरठा कुठे अडतो

२०२० च्या डिसेंबरात राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली अमलात आली आणि तिने एक स्वागतार्ह गोष्ट केली. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील घरासाठी कागदपत्रे व शुल्क दाखल केल्याची पोच हीच परवानगी मानण्याची, आणि तीनशे चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी देण्याची तिच्यात सोय आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. क्षेत्रफळ पाहिले तर ही सोय जणू कासारवाडीसाठीच केली असावी! पण कागदपत्रांपाशी गाडी अडते. भूखंड मंजूर रेखांकनातला हवा, मालकी निर्विवाद हवी. इथे सात-बारावर एकाच गटात अनेकांची नावे, मोजणी झालेली नाही, गल्ली कोणाच्या मालकीची ते कोणालाच ठाऊक नाही. सुलभ परवानगी ज्यांना हवी, त्यांच्याच भूखंडांपर्यंत ती पोचत नाही.

माझी आई आता ऐंशीच्या घरात आहे. तिला तळमजल्यावर, न्हाणीघराला लागून एक खोली हवी. ती काढायची तर शेजाऱ्याच्या खिडकीसमोर भिंत येते. त्यांच्याशी बोलून भिंत तीन फूट आत घ्यायचे आम्ही ठरवले. त्या एका संभाषणाने नगररचनेचे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे, म्हणजे जमिनीचा कागद सरळ करणे, एकट्या कुटुंबाच्या हातचे नाही.

इंग्लंडने या प्रश्नाची उकल वेगळ्या रीतीने केली आहे. तेथे लागून असलेल्या घराला मागील बाजूस तीन मीटर व स्वतंत्र घराला चार मीटर एकमजली वाढ, ठरलेल्या अटी पाळल्यास, नियोजन परवानगीचा अर्ज न करता करता येते. २०१३ पासून अनुक्रमे सहा व आठ मीटरपर्यंतची वाढही शेजाऱ्यांना कळवून करता येते. कोणी हरकत घेतली तरच शेजाऱ्यावर होणारा परिणाम तपासला जातो. आपली दाटी वेगळी, म्हणून ती मापे आपल्याला चालणार नाहीत. तत्त्व मात्र चालण्यासारखे आहे.

मला चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, राहत्या घराला एक खोली वा एक मजला वाढवण्यासाठी स्वतंत्र, लहान परवानगी असावी. नमुना नकाशे महापालिकेने द्यावेत, संरचना अभियंत्याचा दाखला सक्तीचा व माफक खर्चाचा असावा आणि शेजाऱ्याला लेखी कळवणे बंधनकारक असावे. दुसरी, नियमितीकरण घरागणिक न करता गल्लीगणिक करावे. संपूर्ण गटाची मोजणी सरकारने आपल्या खर्चाने करावी, बंब जाईल एवढी वाट आधी आखावी, मग उरलेल्याला मान्यता द्यावी. तिसरी, पूररेषेत व आखलेल्या रस्त्यात कोणासही, कोणत्याही सबबीवर सूट नको. चौथी, हे दार उघडल्यानंतर माफीचे दार कायमचे बंद व्हावे, आणि कारवाई जोत्यापाशीच व्हावी. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात किमान पंधरा दिवसांच्या नोटिशीवाचून घर पाडू नये असे सांगितले, आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरच्या निकालात, कालावधी लोटला वा पैसा खर्च झाला म्हणून बेकायदा बांधकामाला संरक्षण मिळणार नाही, असेही सांगितले. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर अर्थ सरळ आहे. रातोरात घर पाडणे नको, आणि वीस वर्षे डोळेझाक करणेही नको.

यातील कोणत्याही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. मोजणीचा खर्चही पुढील करवसुलीतून भरून निघण्याजोगा आहे. अडचण आहे ती एवढीच की, दंड आणि माफी यांच्या चक्रात प्रत्येकाला काही ना काही देता येते, घेता येते. सरळ नियमात ती सोय उरत नाही. महापालिका निवडणुकीच्या प्रचारात माफीची भाषा ऐकण्याची आपल्या कानांना सवय झाली आहे. पुढच्या वेळी मते मागायला येणाऱ्यांना आपण माफी मागू नये. आमच्या गटाची मोजणी कधी करणार, एवढेच विचारावे.