पगार थोडा, आवड मोठी

रेडिओवर बोलणाऱ्याला खूप पैसा मिळत असेल, असे आपल्याला वाटते. तसे नसते. लहान केंद्रावर तर मुळीच नसते. तरी माणसे ते काम सोडत नाहीत. का बरे?

तेलंगणात जहिराबादजवळ माचनूर नावाचे गाव आहे. तिथल्या ‘संघम रेडिओ’ची ही हकीकत. तो चालवला दोन बायांनी. दोघी गरीब दलित घरातल्या, आणि दोघींचे नाव नरसम्माच! एकीला लोक जनरल नरसम्मा म्हणतात, दुसरीला अल्गोल नरसम्मा.

१९९८ च्या सुमारास खोली आणि यंत्रे तयार होती. बाया माइक घेऊन शिवारात जात. बी कसे राखावे, राळा कसा पेरावा, म्हाताऱ्यांची जुनी गाणी, सारे टेपवर भरून आणीत. मग ऐकत बसायचे, नको ते कापायचे, हवे ते जोडायचे. काम मोठे किचकट, बरं का!

पण आवाज हवेत सोडायला सरकारी परवाना लागतो. तो मिळेना. आवाज ज्या लहरींवरून जातो, त्या जनतेच्या मालकीच्या आहेत, असा निकाल सुप्रीम कोर्टाने १९९५ सालीच दिला होता. तरी अशा संस्थांना केंद्र काढू देण्याचा नियम व्हायला २००६ साल उजाडले. तोवर या बाया काय करीत होत्या? टेप भरीतच होत्या. बायकांच्या संघाच्या बैठकीत टेप लावायची आणि सगळ्यांनी ऐकायची. दहा वर्षे हे चालले.

शेवटी १५ ऑक्टोबर २००८ ला केंद्र सुरू झाले. उद्घाटनाला आले न्यायमूर्ती पी. बी. सावंत. तो निकाल देणाऱ्यांपैकी एक, आणि आपले मराठी माणूस.

आता पैशाचे बोलू. अशा गावकेंद्राला सरकारने शक्ती ठरवून दिली, ती साधारण १०० वॅट. घरात जुना मोठा पिवळा दिवा असायचा ना, तेवढीच! आवाज आसपासच्या गावांपुरता जातो. जाहिरातींनाही वेळेची मर्यादा. मग मोठा व्यापारी जाहिरात कशाला देईल? पैसा येतो थोडा, म्हणून पगारही थोडा. आवड आहे ना, मग कमी घ्या, असे म्हणणारेही भेटतात. मला ते पटत नाही. आवडीने चूल पेटत नाही.

पण त्या कामात एक सुख आहे. संध्याकाळी सातला बोलणे सुरू व्हायचे, तेही गावच्याच बोलीत. आज जिचे गाणे लागले, ती म्हातारी उद्या वाटेत भेटायचीच.