बरगडीखालची कळ

धावताना बरगड्यांच्या खाली, एका कुशीत, एकाएकी जी कळ उठते तिला मराठीत एकच ठरलेले नाव नाही. कोणी 'चमक भरली' म्हणतो, कोणी 'कूस धरली'. शाळेच्या मैदानावरची पोरे नुसतीच 'पोटात दुखतंय' म्हणत मातीत बसतात. वैद्यकाने दिलेल्या लांबलचक नावाचा अर्थही 'व्यायामाने येणारी आणि थोडा वेळ टिकणारी पोटदुखी' एवढाच. दुखणे कधी सुरीसारखे टोचते, कधी नुसती ओढ लागते. मोठ्या माणसांत ते उजवीकडे अधिक आढळते, लहानांना मोठ्यांपेक्षा जास्त वेळा होते आणि थांबल्यावर बहुधा काही मिनिटांत ओसरते. काहींच्या खांद्याच्या टोकातही त्याच वेळी दुखते. पोटाशी काही संबंध नसलेल्या या खांद्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

प्राचीन रोमन लोक याचा दोष पाणथरीला, म्हणजे प्लीहेला देत. पाणथरी धावणाऱ्याला अडवते, अशी समजूत पहिल्या शतकातल्या प्लिनीने नोंदवली आहे. त्यानंतर बरीच शतके तर्क चालत राहिले. नीट मोजदाद झाली ती अगदी अलीकडे. ऑस्ट्रेलियातील डॅरन मॉर्टन आणि रॉबिन कॅलिस्टर यांनी २००० साली ९६५ खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. वर्षभरात ही कळ पोहणाऱ्यांपैकी ७५ टक्के, धावणाऱ्यांपैकी ६९ टक्के आणि घोडेस्वारांपैकी ६२ टक्के जणांनी अनुभवली होती. सायकलवाल्यांपैकी मात्र ३२ टक्क्यांनीच.

या चार आकड्यांनी जुन्या समजुतींची पंचाईत केली. छाती आणि पोट यांच्यामधल्या मध्यपटलाला धाप लागल्यावर रक्त कमी पडते, म्हणून कळ येते, असे पूर्वी सांगत. पण घोड्यावर बसलेल्याला धावणाऱ्याइतकी धाप कुठे लागते? मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सकाळी घोडे फिरवणाऱ्यांकडे पाहिले तर दमलेला असतो तो घोडा. शिवाय कळ चालू असताना श्वास मोजला तेव्हा श्वसनाची ताकद घटलेली दिसली नाही. दुसरी समजूत हिसक्यांची: यकृत आणि जठर ज्या बंधांनी वर टांगलेले असतात ते प्रत्येक पावलाला ताणले जातात. मग चर्नी रोड स्टेशनासमोरच्या मफतलाल बाथमध्ये पाण्यावर आडव्या झालेल्या माणसाला कुठला हिसका बसतो? स्नायूत पेटका येतो, ही तिसरी समजूत. दुखऱ्या जागेवरच्या स्नायूंची विद्युत हालचाल तपासली तेव्हा ती वाढलेली आढळली नाही, आणि ही समजूतही मागे पडली.

उरलेल्यांत सगळ्यांत पटणारे स्पष्टीकरण पर्युदराचे आहे. निर्णायक पुरावा त्यालाही अजून मिळालेला नाही, पण कोडे त्याने बरेच सुटते. पर्युदर म्हणजे पोटाच्या पोकळीचे दुपदरी पातळ अस्तर. एक पदर अवयवांवर, दुसरा पोटाच्या भिंतीला आतून, आणि मधे वंगणासारखा थोडा द्रव. भिंतीकडचा पदर फार हळवा असतो. भरलेले जठर त्याच्यावर दाबले, घासले की तो चिडतो. धड सतत वळवावे किंवा हलवावे लागणाऱ्या खेळांत कळ जास्त आणि सायकलवर कमी, हे त्यामुळे समजते. खांद्याचे कोडेही इथेच सुटते. मध्यपटलाखालच्या अस्तराची संवेदना नेणारी नस मानेतून निघते, आणि खांद्याच्या टोकाची संवेदना मानेच्या त्याच भागात पोचते. मेंदूची गल्लत होते.

जठराचा विषय निघाला की गिरगाव आलेच. खोताच्या वाडीतून पहाटे धावायला निघणाऱ्याला वाडीत धावता येत नाही. दादोबा वामन खोतांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या एकोणिसाव्या शतकातल्या वस्तीच्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून स्कूटर आली तर लाकडी घराच्या पायरीवर चढावे लागते. चौपाटीपर्यंत चालत जावे लागते आणि शरीर आपोआप तापते. धावण्यापूर्वी याहून चांगली तयारी नाही. अडचण येते ती संध्याकाळी धावणाऱ्यांना, कारण दुपार ते संध्याकाळ या परिसरात खाणे टाळणे हाच मोठा व्यायाम आहे. वाडीतली अनंताश्रम ही खाणावळ बंद झाली, नाहीतर तिथले माशाचे ताट जेवून चारला मरीन ड्राइव्हवर उतरणाऱ्याची कूस धरलीच असती. अजूनही मिसळ आहे, वडा आहे, आणि पियूष आहे. श्रीखंड, ताक, साखर, केशर, जायफळ असे हे दाट गोड पेय जठरातून सावकाश खाली उतरते. फळांच्या गोड रसांची हीच गत. पाणी, खेळाडूंची पेये आणि फळांचा रस यांची तुलना झाली तेव्हा रसाने कळ सर्वांत अधिक आणली. पियूषावर असा प्रयोग झालेला नाही, पण निष्कर्ष वेगळा निघण्याचे कारण दिसत नाही. पियूष धावून आल्यावर प्यावे. ते तेव्हाच जास्त चांगलेही लागते.

म्हणून पोटभर जेवण आणि धावणे यांत निदान दोन तासांचे अंतर हवे. पाणी तोडू नये. गटागटा न पिता घोट-घोट घ्यावे. २००४ साली सुरू झालेल्या आणि हल्ली जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ येतो आणि दुतर्फा उभे असलेले लोक प्रेमाने संत्र्याच्या फोडी, चिक्की, बिस्किटे पुढे करतात. फोड चोखावी, प्रेमाखातर मूठभर खाऊ नये.

दुसरे कारण पाठीत आहे. पाठीला पोक असणाऱ्यांना ही कळ अधिक तीव्र येते, असे आढळले आहे. काहींच्या पाठीच्या मणक्यांवर ठरावीक ठिकाणी दाबले की तीच ओळखीची वेदना उठते. लोकलमध्ये तासभर मोबाइलवर मान घालून उतरलेला माणूस तसाच वाकून धावू लागतो. छाती उघडी ठेवून धावणे आणि पोटाच्या खोल स्नायूंना बळ देणे, हे उपाय सावकाश गुण देतात.

कळ आलीच तर वेग कमी करावा, दुखऱ्या जागी बोटे रोवून दाबावे, थोडे पुढे वाकावे, आणि ओठ आवळून सावकाश श्वास सोडावा. न्यूझीलंडमध्ये १९९९ साली झालेल्या एका प्रयोगात असे वाकणे, पोट आवळणे आणि कमरेला रुंद पट्टा घट्ट करणे यांनी कळ उतरली होती. 'कंबर कसणे' हा वाक्प्रचार ज्या भाषेत आहे तिला हे प्रयोगाने कळावे, याची गंमत वाटते. डावा पाय टेकताना श्वास सोडा, उजवा टेकताना नको, असा सल्लाही ऐकू येतो. त्याने लक्ष दुसरीकडे जाते, एवढा फायदा धरावा.

थांबल्यावरही न जाणारे दुखणे मात्र ही कळ नव्हे. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम, गरगरणे ही लक्षणे हृदयाची असू शकतात. ताप, उलट्या आणि बेंबीच्या उजवीकडे खाली वाढत जाणारे दुखणे असेल तर आंत्रपुच्छाची शंका घ्यावी. दोन्ही वेळा पट्टा आवळत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा.