धूलिकणांची पारख

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील एखाद्या घरात उन्हाची तिरीप शिरली, की तीत धूलिकण नाचताना दिसतात. मात्र जे दिसतात तेच घातक, असे नव्हे. दहा मायक्रॉनांहून मोठे कण बहुधा नाकाघशातच अडतात. अडीच मायक्रॉनांहून लहान कण फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोचू शकतात. उरला आणि सिलतरा येथील लोखंडाच्या कारखान्यांचा शेजार लाभलेल्या या शहरात म्हणूनच धूळ किती, एवढेच विचारून भागत नाही. ती किती बारीक, हेही पाहावे लागते.

ही पारख करणाऱ्या एका यंत्राचे वर्णन के. आर. मे यांनी १९४५ साली प्रसिद्ध केले. त्यात हवा क्रमाने अरुंद होत जाणाऱ्या फटींतून ओढली जाते. प्रत्येक फटीसमोर एक पट्टी असते. झोत तेथे वळतो. जड कणांना वळण साधत नाही, ते पट्टीवर आदळून चिकटतात. हलके कण निसटतात खरे, पण पुढच्या फटीत वेग वाढतो आणि त्यांतलेही जड सापडतात. चाळणीपेक्षा या यंत्राचे नाते सुपाशी अधिक!

त्यामुळे येथे ‘आकार’ म्हणजे केवळ लांबीरुंदी नव्हे. एक मायक्रॉन व्यासाची भरीव लोखंडी गोळी हवेत जवळजवळ पावणेतीन मायक्रॉनांच्या जलबिंदूसारखी वागते, आणि यंत्र तिची गणना तशीच करते. हा यंत्राचा दोष मानू नये. श्वासनलिकेच्या वळणावरही अशा कणांची निवड याच नियमाने होते.