कार्ताहेनात बिऱ्हाड कुठे टाकावे?

प्रवासाला निघताना आपण मराठी माणसे पाहण्याच्या स्थळांची यादी आधी करतो आणि उतरण्याच्या जागेचा विचार गाडीत बसल्यावर. ‘रात्री पाठ टेकायला चार हात जागा मिळाली म्हणजे झाले!’ हे आपले ठरलेले वाक्य. काशी-रामेश्वराच्या वाटेवर धर्मशाळांच्या कृपेने ते खपूनही गेले. परंतु दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर कार्ताहेना नावाचे जे शहर आहे, तिथे ते खपत नाही. आपण कुठे उतरलो यावर आपण कोणते कार्ताहेना पाहणार हेच तिथे ठरते. कारण हे एक शहर नसून शेजारी शेजारी नांदणारी तीन-चार निराळी गावेच आहेत.

पेद्रो दे एरेदिया या स्पॅनिश सरदाराने १५३३ साली हे बंदर वसविले. अमेरिकेतील सोने-चांदी इथून गलबतांवर चढे आणि आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम इथे उतरविले जात. संपत्ती आली की लुटारूही येतातच. १५८६ साली इंग्लंडच्या फ्रान्सिस ड्रेकने शहर लुटले आणि मग स्पॅनिश राज्यकर्त्यांनी समुद्रकाठाने भक्कम तट उभारला. तो आजही बव्हंशी शाबूत आहे. १९८४ साली युनेस्कोने या साऱ्याची जागतिक वारशात नोंद केली.

तटाच्या आतले शहर हे पहिले गाव. इथली जुनी घरे पाहिली की आपल्याला पुण्या-नाशिकचे वाडे आठवतील : मध्ये चौक, भोवती ओसरी, वर लाकडी सज्जे आणि त्यांवर लोंबणारी बोगनवेल. यांतील कित्येक घरांची आता हॉटेले झाली आहेत. सान्ता क्लारा हा १६२१ साली स्थापन झालेला जोगिणींचा मठ. १९९५ पासून ते एक भारी हॉटेल आहे. गाब्रिएल गार्सिया मार्केस याच्या १९९४ सालच्या एका कादंबरीचा आरंभ याच मठातील थडगी उकरण्याच्या प्रसंगाने होतो, आणि लेखकाचे स्वतःचे घरही त्याच्या समोरच आहे. इथे राहिले की सारे पायी पाहता येते. मात्र दर सर्वांत चढे. शिवाय वाड्याचा गुण तो वाड्याचा दोषही. चौकाभोवतीच्या काही खोल्यांना बाहेरची खिडकीच नसते, आणि रस्त्यावरच्या सज्जाची खोली मिळाली तर मध्यरात्रीपर्यंतचे गाणेबजावणे फुकट ऐकावे लागते. तेव्हा खोली ठरविताना ‘खिडकी कुठे उघडते?’ हा पहिला प्रश्न.

दुसरे गाव बोकाग्रांदे. समुद्रात शिरलेल्या या चिंचोळ्या पट्टीवर उंचच उंच इमारती, लिफ्ट, पोहण्याचे तलाव आणि दाराशी किनारा. मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर ही सोय मोठी. पण पांढऱ्या वाळूची चित्रे पाहून येणाऱ्यांनी सावध असावे : इथली वाळू करडी आहे. ती चित्रे बहुधा रोसारियो बेटांची किंवा बारूची, आणि तिथे वेगळे जावे लागते. शिवाय जमीन सखल. मोठ्या भरतीला आणि पावसात रस्त्यांवर पाणी चढते. खाडीपलीकडचे मांगा त्या मानाने शांत, घरगुती वस्तीचे.

आणि उरले हेत्सेमानी. एके काळी कारागिरांची आणि मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांची ही वस्ती. ११ नोव्हेंबर १८११ रोजी इथलीच माणसे रस्त्यावर उतरली आणि कार्ताहेनाने स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केले. आज इथे स्वस्त पथिकाश्रम आणि छोटी अतिथिगृहे गल्लोगल्ली आहेत. संध्याकाळी त्रिनिदाद चर्चपुढच्या चौकात सारा मोहल्ला येऊन बसतो.

आता थोडा व्यवहार. हवा बारमाही मुंबईच्या मे महिन्यासारखी. म्हणून वातानुकूलन चैन नव्हे, गरज. डिसेंबर ते मार्च कोरडे वारे वाहतात, पण नाताळापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत दर कडाडतात. ऑक्टोबर सर्वांत पावसाळी. नोव्हेंबरात स्वातंत्र्योत्सवाची धामधूम, तेव्हा खोली फार आधी राखावी. स्वस्त जागी ऊन पाण्याचा नळ बहुधा नसतो. आजीबाई बरोबर असतील तर आधी विचारावे. वीज ११० व्होल्टची, तेव्हा घरची इस्त्री घरीच ठेवावी. टॅक्सीला मीटर नाही. भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. परदेशी पर्यटकाने पासपोर्ट आणि त्यावरील प्रवेशाचा शिक्का दाखविला, तर निवासावरील १९ टक्के कर माफ होतो. बिल नीट वाचावे. प्रत्येक निवासगृहाला सरकारी पर्यटन नोंदणी सक्तीची आहे. तिचा क्रमांक विचारण्यात संकोच नसावा.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. ‘सिन कार्ने’ म्हणजे ‘मांसाशिवाय’, एवढेच सांगितले तर यजमानीण हसतमुखाने कोंबडी किंवा मासा वाढील, कारण तिच्या लेखी ते ‘कार्ने’ नव्हेच! पोयो आणि पेस्कादो, दोन्ही नकोत असे स्पष्ट सांगावे. मग नारळाच्या दुधातला भात आणि केळ्याचे तळलेले काप यांवर कोकणी माणसाचे उत्तम भागेल. स्वयंपाकघर वापरू देणारे अतिथिगृह मिळाले तर पोह्यांचीही सोय होते.

शेवटी एक गोष्ट, जी दरपत्रकात छापलेली नसते. हेत्सेमानीत पाहुणे वाढले तशी घरे विकली गेली, भाडी चढली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली कुटुंबे शहराच्या कडेला फेकली गेली. ज्या चौकातली वर्दळ पाहायला आपण जातो, ती वर्दळ करणारी माणसेच तिथून उठत आहेत. गिरगाव-दादरच्या चाळी उठताना पाहिलेल्या आपल्या वाचकांना हे दुःख समजावून सांगायला नको. पाहुण्याच्या हाती फार नसते; पण जिथे मालकीण स्वतः त्याच घरात राहते, सकाळी स्वतः न्याहारी वाढते आणि शेजारणीला नावाने हाक मारते, असे घर निवडणे त्याच्या हाती नक्की असते. खोली थोडी लहान असेल, पलंग थोडा करकरेल. परंतु आपला पैसा त्या गल्लीतच राहील, आणि कदाचित ती मालकीणही.