भिंतीवरचा माणूस

आपण सगळ्याच जणींनी लहानपणी भिंतीवर बोटांचं हरीण नाचवलं असेल. कंदिलाचा उजेड, समोर पांढरी भिंत आणि दोन हात, एवढ्या भांडवलावर अख्खं जंगल उभं राहायचं. घरोघरी ट्यूबलाइट आल्या आणि खेळ मागे पडला. त्याला कारणही आहे. ट्यूब लांबलचक, तिचा उजेड एका जागेवरून येत नाही, म्हणून सावलीच्या कडा पुसट होतात. कंदिलाची ज्योत किंवा मोबाइलची बॅटरी म्हणजे उजेडाचा जणू ठिपकाच. त्यामुळे सावली कशी रेखीव पडते!

मला हा खेळ पुन्हा आठवला तो माझ्या धाकटीमुळे. सहा वर्षांची झाली तरी रात्री खोलीत एकटी जाईना. "तिथे माणूस उभा आहे," म्हणायची. घरात कुणी हसायचं, कुणी "घाबरट" म्हणायचं. मग तिनं सांगणंच सोडलं, पण झोपेत दचकून उठायची. एका रात्री मी तिच्याशेजारी आडवी होऊन पाहिलं, तर खरंच माणूस! दोरीवर यांचा रेनकोट, वर टोपी आणि खिडकीतून येणारा रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड.

समजावत बसले नाही. बॅटरी तिच्याच हातात दिली. बॅटरी रेनकोटाजवळ नेली की माणूस मोठा, मागे घेतली की लहान. ती डावीकडे सरकली की तो उजवीकडे पळायचा. चार-पाच वेळा पळवल्यावर खुदकन हसली नि म्हणाली, "आई, हा तर माझंच ऐकतो!"

मग रोज रात्री आमचा खेळ सुरू झाला. मधली दोन बोटं अंगठ्याला टेकवा, उरलेली दोन ताठ ठेवा, झालं हरीण. दोन्ही तळवे जोडून अंगठे वर केले की कुत्र्याचे कान. करंगळ्या खाली-वर केल्या की तो भुंकतो. अंगठे एकमेकांत अडकवून बाकीची बोटं पंखांसारखी हलवली की पक्षी उडालाच!

याच युक्तीवर आपल्या कोकणात एक जुनी कला उभी आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले कलावंत चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे नाचवून रामायणातल्या कथा सांगतात. मागे दिवा, मधे बाहुली, पुढे पडदा. बाहुली पडद्याला टेकली की आकृती स्वच्छ दिसते, दिव्याकडे नेली की मोठी आणि धूसर होते. करमणुकीची नवी साधनं आली तशी ही कला मागे पडू लागली. तिथल्या परशुराम गंगावणे यांनी ती नेटानं जपली, घरच्या गोठ्यातच संग्रहालय उभारलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कोकणात गेलात तर मुलांना तिथे जरूर न्या.

तोवर घरी एक जुनी चादर बांधा. पुठ्ठ्याची चित्रं कापून काडीला चिकटवा. मेणबत्ती मात्र नको, कापडाजवळ बॅटरीच बरी. आणि एक करा, बॅटरी मुलांच्या हातात द्या. सावली आपल्या हुकमात असते हे एकदा कळलं, की तिची भीती कसली?