टेबलावरचे कॉकपिट

संगणकाच्या पडद्यावर मुंबई विमानतळाची २७ क्रमांकाची धावपट्टी दिसू लागलेली असते. घाटकोपरची दाट वस्ती पंखाखालून सरकत असते, वारा विमानाला बाजूला ढकलत असतो आणि नेमक्या याच क्षणी वैमानिकाला, म्हणजे टेबलापाशी बसलेल्या हौशी खेळाडूला, फ्लॅप आणखी एक टप्पा खाली घ्यायचे असतात. मायक्रोसॉफ्टच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर’मध्ये त्यासाठी वर्षानुवर्षे ‘एफ ७’ ही कळ ठरलेली आहे. पण ती शोधण्यासाठी नजर खाली वळवावी तर विमान धावपट्टीच्या रेषेवरून ढळते आणि माऊसने पडद्यावरचा चिमुकला दांडा ओढावा तर एक हात त्यातच गुंततो. पडद्यावरचे ढग, समुद्र, सायंकाळचा प्रकाश हे सारे आज थक्क करणारे असते. खोटे वाटते ते हातांचे काम. ही उणीव भरून काढण्यासाठी कॉकपिटमधील नियंत्रण-फलक घरीच बांधणाऱ्या हौशी मंडळींचा एक पंथच जगभर तयार झाला आहे.

या पंथाचा मूळपुरुष शोधायचा तर न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथील एडविन लिंक यांच्याकडे जावे लागते. वडिलांच्या ऑर्गन आणि पियानो बनविण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या या तरुणाने १९२९ साली ऑर्गनच्याच भात्यांवर डोलणारे एक छोटे लाकडी विमान उभे केले. प्रारंभी त्याला गिऱ्हाईक मिळाले ते प्रामुख्याने जत्रांतील करमणुकीसाठी. पुढे १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या हवाई दलावर टपाल वाहून नेण्याचे काम आले, खराब हवामानात लागोपाठ अपघात झाले आणि मग लष्कराने अशी सहा यंत्रे विकत घेतली. करमणुकीचे यंत्र शिक्षणाचे साधन बनले. संगणकाच्या युगात हा प्रवास उलट दिशेने झाला. शिक्षणाचे साधन घरगुती संगणकावरचा खेळ होऊन अवतरले, मात्र येताना खटके आणि घुंड्या मागेच राहिल्या.

खटका काय आणि कळ काय, परिणाम तर एकच, असे एखाद्याला वाटेल. तसे नाही, हे विमानविद्येला फार महागात पडून कळले आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची ‘बी-१७’ बॉम्बफेकी विमाने धावपट्टीवर सुखरूप उतरल्यानंतर पोटावर बसत असत. मानसशास्त्रज्ञ अल्फान्स चॅपानिस यांना कारण सापडले ते कॉकपिटमध्ये. चाकांचा आणि फ्लॅपचा खटका शेजारी शेजारी होता आणि दिसायला व हाताला सारखाच लागत होता. थकलेला वैमानिक फ्लॅप मिटण्याऐवजी चाके मिटत होता. चॅपानिस यांनी चाकांच्या खटक्यावर चाकासारखा आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा बसविला आणि चुका थांबल्या. आकारांचा हा संकेत पुढे अमेरिकी विमान-नियमांतही आला. वैमानिकांना डोळ्यांवर पट्टी बांधून प्रत्येक खटक्यावर हात ठेवायला लावण्याची रीतही जुनीच आहे. घरचा फलक बांधणाऱ्याने हीच कसोटी समोर ठेवावी. फलक किती खरा दिसतो हे गौण आहे. डोळे मिटून हात योग्य जागी पडतो की नाही, हे मुख्य.

म्हणून पहिले साहित्य लागते ते पुठ्ठा आणि कागद. बहुतेक जण उत्साहाच्या भरात थेट ‘बोइंग ७३७’चा डोक्यावरचा विशाल फलक हाती घेतात आणि तो अर्धवट अवस्थेत माळ्यावर जातो. त्यापेक्षा ‘सेसना १७२’ बरे. त्याची चाके कायमची बाहेर असल्याने चाकांचा दांडा लागतच नाही. बॅटरी व अल्टरनेटर यांचे जोडखटके, इंधनपंप, बाहेरच्या दिव्यांचे चार-पाच खटके, किल्लीचा पाच स्थानांचा खटका, फ्लॅपचा दांडा आणि आत-बाहेर सरकणाऱ्या दोन मुठी, काळी थ्रॉटलची व तांबडी इंधन-मिश्रणाची, एवढ्यावर पहिला फलक उभा राहतो. त्याचे चित्र मूळ मापात छापून पुठ्ठ्यावर चिकटवावे, टेबलाला टेकवावे आणि आठवडाभर त्याच्यासमोर बसून कागदी खटक्यांना बोट लावत उड्डाण करावे. मनगट कुठे आदळते, कोणता खटका कळफलकाआड जातो, हे कळायला याहून स्वस्त उपाय नाही.

खरी गुंतागुंत विजेत नसून खटक्याच्या स्वभावात असते. दाराच्या घंटीचे बटण दाबले की चालू आणि सोडले की बंद. पंख्याचा खटका मात्र ठेवाल तिथे राहतो. विमानातील बहुतेक खटके दुसऱ्या प्रकारचे असतात आणि खेळाच्या कळा पहिल्या प्रकारच्या. ‘दिवा असेल तर घालव, नसेल तर लाव’ अशी एकच आज्ञा खेळ ओळखत असेल आणि उड्डाण सुरू होताना पडद्यावरचा दिवा लागलेला पण फलकावरचा खटका खाली असेल, तर पुढचा सारा वेळ फलक खोटे बोलत राहतो. यावर उपाय एकच: खटका वर करताच ‘लाव’ आणि खाली करताच ‘घालव’, अशा दोन स्वतंत्र आज्ञा द्यायच्या. बऱ्याच कामांसाठी खेळांत अशा जोड-आज्ञा उपलब्ध असतात; त्या शोधण्यात गेलेला वेळ सोल्डरिंगच्या वेळेपेक्षा मोलाचा ठरतो.

घुंड्यांचेही दोन कुळाचार आहेत. थ्रॉटलसारख्या मुठीला ‘पोटेन्शिओमीटर’ चालतो, म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या घुंडीतला बदलता रोध. तो दहा किलोओहमचा आणि एकसमान चढीचा घ्यावा. आवाजासाठीचा प्रकार घेतल्यास मूठ अर्ध्यावर आणली तरी इंजिन अर्ध्यावर येत नाही. सरळ सरकणाऱ्या मुठीला सरकता पोटेन्शिओमीटर सोपा पडतो. रेडिओची कंप्रता बदलणारी घुंडी मात्र कितीही वेळा गोल फिरली पाहिजे. तिथे ‘एन्कोडर’ लागतो. त्याच्या दोन संपर्कांपैकी आधी कोणता जुळला, यावरून संगणकाला फिरण्याची दिशा कळते.

हे सारे संगणकाला समजावून देणारा दुभाषी म्हणजे ‘आर्डुइनो’ची पाटी. २००५ मध्ये इटलीतील इव्रिया येथे विद्यार्थ्यांसाठी जन्मलेल्या या छोट्या परिपथाने हा छंद अभियंत्यांच्या हातून सामान्यांच्या हाती आणला. तिचा ‘लिओनार्डो’ हा प्रकार यूएसबीची तार जोडताच संगणकाला जॉयस्टिक म्हणून स्वतःची ओळख देऊ शकतो. ‘मेगा’ या प्रकारात ५४ जोडण्या मिळतात आणि ‘मोबीफ्लाइट’ या मोफत प्रणालीच्या साहाय्याने तो खेळाशी दोन्ही बाजूंनी बोलतो, म्हणजे खेळातील स्थितीनुसार फलकावरचे दिवेही लावतो. असा प्रत्येक दिवा २२० ओहमच्या रोधाशिवाय जोडू नये. नाहीतर दिव्याबरोबर पाटीही निकामी होऊ शकते.

खटके वाढले की तारांचे जंजाळ होते. त्यासाठी आडव्या-उभ्या ओळींची जाळी विणतात. आठ आडव्या आणि आठ उभ्या अशा सोळा तारांवर ६४ खटके बसतात. इथे नवखे हमखास फसतात. जाळीत आयताच्या तीन कोपऱ्यांवरचे खटके चालू असले की चौथा बंद असूनही चालू भासतो. कळफलकावर तीन कळा एकदम क्वचितच दाबल्या जातात, पण विमानाचे खटके तासन्‌तास चालूच असतात. प्रत्येक खटक्यापाशी ‘१एन४१४८’ हा अगदी स्वस्त डायोड जोडला की हे भूत पळते. आणखी एक सूचना: विंडोजच्या जुन्या चाचणी-खिडकीत पहिली ३२ बटणेच दिसतात. तेहेतिसावे दिसत नाही म्हणून जोडणी उसकटून बसू नये.

साहित्यासाठी मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आणि पुणेकरांना बुधवार पेठ ठाऊकच आहे. खटके स्वतः दाबून पाहून घ्यावेत, कारण चित्रावरून त्यांचा ताठपणा कळत नाही. मोठ्या खटक्याला १२ मिलिमीटरचे भोक लागते, लहानाला सहाचे. अक्षरे मागून उजळायची असतील तर पारदर्शक अॅक्रिलिकवर पांढरा आणि त्यावर करडा रंग द्यावा आणि नामफलक करणाऱ्याकडून लेसरने फक्त करडा थर अक्षरांपुरता खरवडून घ्यावा.

ज्यांना वैमानिकच व्हायचे आहे त्यांच्यासाठी मात्र प्रश्न हौसेपुरता राहत नाही. व्यावसायिक परवान्यासाठी भारतात किमान २०० तासांचे उड्डाण लागते आणि प्रमाणित नसलेल्या घरगुती फलकावर घालवलेला एकही तास त्यात धरला जात नाही. तरीही तपासणीचा क्रम, खटक्यांच्या जागा आणि रेडिओ लावण्याची सवय इथे फुकटात अंगवळणी पडते. धोका असतो तो उलट्या सवयीचा. जागेच्या सोयीसाठी तांबडी मूठ डावीकडे आणि काळी उजवीकडे बसविली, तर हात ते इमानाने शिकतो. खऱ्या सेसनामध्ये थ्रॉटल समजून तांबडी मूठ मागे ओढली की इंधन बंद होते आणि इंजिन थांबते. म्हणून फलक लहान करायचा असेल तर खटके कमी करावेत, पण उरलेल्यांच्या जागा, क्रम आणि आकार मुळाबरहुकूम ठेवावेत. प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी लावावी आणि ते क्रमांक वहीत उतरवून ठेवावेत. सहा महिन्यांनी एखादा दिवा लागेनासा झाला, की पहिल्यांदा शोधली जाते ती हीच वही.