दोन दिव्यांमधला माणूस

नागपूरहून सिवनीकडे जाणाऱ्या रस्त्याचा काही भाग पेंचच्या अरण्यातून जातो. तो रस्ता चौपदरी होण्यापूर्वीची ही गोष्ट. सरकारी कामानिमित्त मी रात्री त्या वाटेने चाललो होतो. समोरून एक मालमोटार प्रखर दिवे लावून आली आणि आमच्या चालकाने गाडीचा वेग एकदम उतरवला. मालमोटार निघून गेली, तेव्हा आमच्यापुढे जेमतेम दहा हातांवर, डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेला एक वृद्ध चाललेला दिसला. क्षणापूर्वीही तो तेथेच होता. आम्हांला मात्र दिसत नव्हता.

असे का व्हावे? अंधारात डोळ्याची बाहुली विस्फारलेली असते. प्रखर झोत पडताच ती झटकन आकुंचन पावते, परंतु पूर्ववत होण्यास तिला अधिक वेळ लागतो. शिवाय तो प्रकाश डोळ्याच्या आतच विखुरतो आणि समोरच्या दृश्यावर जणू पांढरा पडदा पडतो. वय वाढते तसा हा त्रासही वाढतो. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. म्हणजे दृष्टी तीन सेकंद दिपली, तर ५० मीटर रस्ता आपण न पाहताच ओलांडतो!

१९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ह्याचा विचार केलेला आहे. दिव्यापासून ८ मीटरांवर आणि दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला दिपवणार नाही, इतका झोत खाली वळलेला असावा, असे तो नियम सांगतो. मालमोटारींच्या पाठीवर रंगवलेले ‘यूज डिपर ॲट नाईट’ हे शब्द तर देशभर कोणीही वाचलेले असतात. तरीही अनेकांच्या मनात एक हट्ट असतो: समोरच्याने दिवा खाली केला नाही, मग मी तरी का करावा? पण ज्याला आपण आंधळा करतो, तोच आपल्या दिशेने धावत येत असतो, हे आपण विसरतो. आणि ह्या दोघांच्या चढाओढीत तो तिसरा, ज्याच्याजवळ दिवाच नाही, तो नाहीसा होतो.

म्हणून समोरचे वाहन दिसताच प्रथम आपण झोत खाली करावा. पुढच्या गाडीच्या मागे जातानाही तसेच करावे. कारण तिच्या आरशातून आपलाच प्रकाश तिच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. समोरच्याने ऐकले नाही, तर नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवून वेग कमी करावा. धुक्यात वरचा झोत लावू नये. धुक्याचे कण तो प्रकाश आपल्याच डोळ्यांवर परत फेकतात. गाडीच्या मागच्या भागात ओझे भरले, की पुढचा भाग उचलला जातो आणि खाली केलेला झोतही वर चढतो, हेही ध्यानात असावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपला प्रकाश जेथवर पोचतो तेवढ्यात गाडी थांबवता येईल, इतकाच वेग रात्री ठेवावा.

वेग कशाकरिता कमी केला, असे त्या रात्री मी चालकाला विचारले. तो म्हणाला, “साहेब, उजेडापलीकडचा रस्ता रिकामा आहे, असं मी कधी धरून चालत नाही.”